रिपोर्टमध्ये बीओडी १८, तरी सीनेत मासे का मेले?

प्रश्न थोडक्यात असा. दक्षिण सोलापूर तालुक्यात सीना नदीच्या काठावर गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून निघालेलं पाणी ओढ्यातून नदीला मिळतं. गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी माहितीच्या अधिकारात केंद्राचा तपासणी अहवाल मिळवला. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी १८, तरंगते घन पदार्थ २६, पीएच ७.४ आणि खाली शेरा ‘मर्यादेत’. अहवाल एप्रिलचा, आणि त्याच एप्रिलात एका सकाळी बंधाऱ्याच्या कडेला कटला-रोहू पोट वर करून तरंगत होते. सर विचारतात, अहवाल खोटा आहे की रात्री कुणी टँकर रिकामा केला? आणि आम्ही गावकऱ्यांनी स्वतः काय मोजायचं?

सर, तुम्ही दोन शक्यता मांडल्या, पण तिसरी जास्त संभवते. अहवाल खरा असेल, टँकरही आला नसेल, आणि तरीही मासे मेले असतील. सांडपाणी केंद्रात आयुष्य गेलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. अहवालात पाण्यात घाण किती ते लिहिलंय, पण ती घाण कशात मिसळली ते लिहिलेलं नाही. नदीत पाणी किती होतं हा रकाना त्या छापील नमुन्यातच नसतो.

आधी त्या १८ चं बघू. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातील त्याचं माप, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. आपल्याकडे ते २७ अंशांना तीन दिवस बाटली ठेवून काढतात. विलायतेत २० अंश आणि पाच दिवस असतात. आपल्या हवेला ते जुळत नाही म्हणून भारतीय मानकाने हे बदललं. मर्यादेचं म्हणाल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांना बीओडी २० आणि बाकीच्या गावांना ३० अशी सवलत आहे. त्या अधिसूचनेत मोजायच्या गोष्टी चारच: पीएच, बीओडी, तरंगते घन पदार्थ आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बीओडी १०, एकूण नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ इथपर्यंत कडक आकडे सांगितले. प्रदूषण नियंत्रण मंडळ एखाद्या केंद्राच्या संमतीपत्रात (म्हणजे चालवायच्या परवान्यात) अधिसूचनेपेक्षा कडक अट घालू शकतं. म्हणून ‘मर्यादेत’ हा शेरा कोणत्या मर्यादेत, ते पहिल्यांदा विचारा. संमतीपत्राची प्रत मागवा. अहवालापेक्षा तो कागद जास्त कामाचा आहे.

आता हे २० आणि ३० चे आकडे आले कुठून? इंग्लंडात सांडपाण्यावर नेमलेल्या रॉयल कमिशनने १९१२ साली घन पदार्थ ३० आणि बीओडी २० असं प्रमाण सुचवलं. जगभर तेच पसरलं. पण त्या कमिशनने त्यासोबत एक अटही घातली होती: सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहत असलं पाहिजे. आकडे आपल्याकडे आले, अट मात्र तिकडेच राहिली. बारमाही पावसाच्या देशात ती अट आपोआप पाळली जायची, त्यामुळे तिची कुणाला आठवण ठेवावी लागली नाही. सीनेला ती कशी लागू करणार? आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बराचसा ऑगस्ट-सप्टेंबरच्या भरवशावर.

हिशेब करून बघा, सातवीच्या मुलांनाही येईल. ७५ दशलक्ष लिटरचं केंद्र पूर्ण भाराने चालतंय असं धरा (महापालिकेच्या देगावच्या केंद्राची क्षमता तेवढी आहे, प्रतापनगरची १५ आणि कुमठ्याची साडेबारा). रोजचे ७५ दशलक्ष लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे ०.८७ घनमीटर, आपल्या पाटबंधारेवाल्यांच्या भाषेत तीसेक क्युसेक. सप्टेंबरात सीना सेकंदाला ५० घनमीटर वाहतेय आणि तिचा स्वतःचा बीओडी २ आहे. त्यात २५ बीओडीचं (तुमच्या १८ पेक्षा जास्त, पण ३० च्या आतलंच) ०.८७ घनमीटर पाणी मिसळलं तर मिश्रणाचा बीओडी निघतो २.४. नदीला पत्ताही लागत नाही. आता एप्रिल घ्या. नदीचा स्वतःचा प्रवाह ०.१ घनमीटर, खरं तर तोही असेल तर. केंद्र तेच, पाणी तेच, अहवाल तोच. मिश्रण होतं साडेबावीसच्या वर. म्हणजे केंद्राच्या खाली जी ‘नदी’ दिसते ती नदी नसून केंद्राचं पाणीच नदीच्या पात्रातून चाललेलं असतं. आंघोळीच्या पाण्याला बीओडी ३ च्या आत आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ च्या वर लागतो. केंद्राने कितीही प्रामाणिकपणे १८ काढले तरी सीनेच्या त्या पट्ट्यात उन्हाळ्यात ३ येणं गणिताने शक्य नाही.

याचं उलटही खरं आहे. पावसाळ्यातला ‘नदी स्वच्छ’ हा अहवाल केंद्र नीट चालल्याचा पुरावा होत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, लांबोटीचा आणि वडकबाळचा पूल बंद झाला, तेव्हा कच्चं सांडपाणी सोडलं असतं तरी नमुना पास झाला असता.

सीनेची अडचण अशी की तिचा प्रवाह तिच्या हातात नाही. नदी उगम पावते अहिल्यानगरकडे, आणि तिथल्या शहराचं सांडपाणी घेऊनच खाली निघते. वाटेत भोगावतीसारख्या उपनद्या मिळतात, त्या डिसेंबरनंतर आटतात. मग जे काही वाहतं ते उजनी धरणाच्या मर्जीने. भीमा-सीना जोड कालव्यातून आवर्तन सुटलं की आठ-दहा दिवस नदी जिवंत होते, आणि ते पाणी बंधाऱ्या-बंधाऱ्यांत भरेपर्यंत वरच्या मोटारी ते उचलतात. तुमच्या गावापर्यंत शेपूट पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तुमच्या अहवालातला नमुना आवर्तनाच्या आधी घेतला की नंतर, हे तारखेवरून जुळवून बघा. जलसंपदा विभागाकडे आवर्तनाच्या तारखा असतात. प्रवाहाची अधिकृत नोंद हवी असेल तर केंद्रीय जल आयोगाची मापन केंद्रं सीनेवर वडकबाळला आणि भीमेवर टाकळीला आहेत.

यात बंधारा आला की मामला आणखी बिघडतो, आणि तुमचे मासे बंधाऱ्यात मेलेत हे विसरू नका. कोल्हापुरी बंधारा ही आपल्या भागाला मिळालेली मोठी सोय. पाऊस सरला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकायचे, पाणी अडवायचं, मेअखेर काढायचे. ऊस त्यावर उभा आहे. पण बंधाऱ्यात पाणी अडतं तशी घाणही अडते. समजा फुगवटा पाच लाख घनमीटरचा आहे आणि वरून रोज पंचवीस हजार घनमीटर प्रक्रिया केलेलं पाणी येतंय. म्हणजे आलेला थेंब सरासरी वीस दिवस तिथेच मुक्काम करतो. वाहत्या ओढ्यात खडकांवर आपटून पाणी हवा घेतं. इथे ते निवांत पडून राहतं, गाळ खाली बसतो, तळाशी काळा थर साचतो. काठीने ढवळलं की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. वर नायट्रोजन-फॉस्फरसचा खुराक फुकट, मग आधी शेवाळ आणि पाठोपाठ जलपर्णी.

मासे मेले ते याच शेवाळामुळे, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. दिवसा शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. दुपारी तीनला मोजाल तर १२-१४ मिलिग्रॅम भेटेल, म्हणजे पाण्यात मावतो त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि मोजणारा खूश. सूर्य मावळला की तेच शेवाळ, तळाचा गाळ, जिवाणू आणि मासे असे सगळे मिळून तो खायला बसतात. पहाटे पाचला एक मिलिग्रॅमसुद्धा उरत नाही. त्यात आपला उन्हाळा. ३० अंशांच्या पाण्यात समुद्रसपाटीला साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर म्हणून तो सातच्या जवळ येतो, आणि उथळ पाणी ३५ ला गेलं की साडेसहा. भांडंच लहान झालं. सरकारी नमुना घेणारी गाडी साधारण अकरा-बाराला येते, तोपर्यंत शेवाळाने पुन्हा कामाला सुरुवात केलेली असते. मासे मेल्याची तक्रार सकाळी होते, नमुना दुपारी घेतला जातो आणि ‘ऑक्सिजन समाधानकारक’ असा अहवाल येतो. कुणी लबाडी केलेली नसते, फक्त घड्याळ चुकलेलं असतं.

दुसरा संशयित अमोनिया. तो तुमच्या अहवालात नाहीच, कारण वर म्हटलेल्या चार गोष्टींत तो बसत नाही. केंद्रात हवा पुरेशी मारली, जिवाणूंचा गाळ टाकीत पुरेसे दिवस ठेवला तर अमोनियाचं नायट्रेट होतं. वीजबिल वाचवायला ब्लोअर कमी चालवले तर बीओडी १८ येतो पण अमोनिया २० तसाच बाहेर जातो. या अमोनियाचे दोन उपद्रव. एक, नदीत गेल्यावर एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो. २० मिलिग्रॅम अमोनिया म्हणजे ९० मिलिग्रॅम ऑक्सिजनचं उधार, आणि तीन दिवसांच्या बीओडी चाचणीत त्यातलं बरंचसं दिसत नाही. दोन, तो विषारी आहे, पण पीएचवर अवलंबून. पीएच ७.२ आणि ३० अंशांना एकूण अमोनियापैकी सव्वा टक्काच विषारी मुक्त रूपात असतो. शेवाळाने दुपारी पीएच ८.५ वर नेला की तेच प्रमाण २० टक्के होतं. २० मिलिग्रॅमपैकी ४ मिलिग्रॅम! मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुक्त अमोनियाची मर्यादा १.२ ठेवलेली आहे. म्हणजे दुपारी अमोनियाचा मार आणि पहाटे ऑक्सिजनचा दुष्काळ. मासा यातून जगला तर त्याचं कौतुकच.

मग टँकरची शक्यता कशी तपासायची? पुढच्या वेळी असं झालं तर मेलेल्यांची जात बघा. मरळ आणि मागूर वर येऊन हवा घेऊ शकतात. ते जिवंत आहेत आणि कटला-रोहू मेलेत, त्यातही मोठे आधी गेलेत, पहाटे तोंड वर काढून हपापत होते, तर ऑक्सिजन संपला असं समजा. मरळीसकट, खेकड्यांसकट सगळं एकाच वेळी, दिवसाढवळ्या मेलं असेल तर विषाचा संशय घ्या आणि पाण्याचा रंग, वास, फेस, पीएच लगेच नोंदवा. पहिल्या वळवाच्या पाण्याने होणारी मर तिसऱ्या प्रकारची: वर्षभर ओढ्यात साचलेला गाळ एका लोंढ्यात येतो आणि तासाभरात सगळा ऑक्सिजन खातो. त्या दिवशी कुणाच्याही कारखान्याच्या नावाने बोंब मारण्याआधी पाऊस कुठे झाला ते विचारून घ्यावं.

अहवाल खोटा नाही म्हणालो, पण अपुरा असू शकतो. केंद्राच्या तोंडाशी एका क्षणी भरलेली बाटली त्या क्षणाचंच सांगते. सोलापूरला वर्षानुवर्षं रोज नळाला पाणी आलेलं नाही, तीन-चार-पाच दिवसांआड येतं. ज्या भागाची पाळी असेल तिथले लोक त्या दिवशी धुणं, भांडी, भरणं सगळं उरकतात, आणि काही तासांनी तो लोंढा केंद्रावर आदळतो. इतर वेळी पाणी कमी आणि घट्ट. त्यामुळे इथे चोवीस तासांचा मिश्र नमुना, तोही प्रवाहाच्या प्रमाणात घेतलेला, याला पर्याय नाही. उजनीहून दुसरी समांतर जलवाहिनी टाकली गेली आहे. शहरात पाणी जास्त येईल तसं सांडपाणीही जास्त येणार, पुरवठ्याच्या साधारण ८० टक्के असा नियोजनाचा ठोकताळा आहे. शिवाय, केंद्रात पोहोचतं त्याचीच तपासणी होते. जो नाला गटारवाहिनीला जोडलेलाच नाही, किंवा लाईट गेल्यावर पंपिंग स्टेशनवरून ओसंडून थेट ओढ्याला मिळतो, तो कुठल्याच अहवालात येत नाही.

हे शोधायला तुम्हाला प्रयोगशाळा लागत नाही. दोरी, काठी, लिंबू आणि मोबाइलचं घड्याळ पुरे.

ओढ्याचा सरळ, फार झाडोरा नसलेला दहा मीटरचा टप्पा निवडा. दोन्ही टोकांना दोरी आडवी बांधा. रुंदी मोजा. मग मुलांकडून काठीने दर अर्ध्या मीटरवर खोली मोजून सरासरी काढा (मुलांना गमबूट आणि हातमोजे घाला, पाण्यात उघड्या पायाने उतरवू नका). लिंबू वरच्या दोरीच्या जरा आधी सोडा, म्हणजे दोरीपाशी येईतो ते पाण्याच्या वेगाला लागलेलं असतं. लिंबूच का? ते जवळजवळ पूर्ण बुडून वाहतं, वाऱ्याला सापडत नाही. थर्माकोल वाऱ्याबरोबर पळतो. काठाकडे, मध्ये, पलीकडे असं तीन-चारदा सोडून सरासरी वेळ घ्या. समजा रुंदी ५ मीटर, सरासरी खोली ०.३, आणि दहा मीटर जायला ४० सेकंद. वेग ०.२५. पृष्ठभाग तळापेक्षा जोरात वाहतो म्हणून ०.८५ ने गुणायचं. उत्तर सेकंदाला ०.३२ घनमीटर, म्हणजे दिवसाला साडेसत्तावीस दशलक्ष लिटर. दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होईल, चालतं.

आता हा आकडा केंद्राच्या त्याच दिवशीच्या नोंदवहीतल्या आकड्यासमोर ठेवा. केंद्र म्हणतं आम्ही ४० सोडले आणि ओढ्यात ८० वाहतायत, तर उरलेले ४० न शुद्ध झालेले कुठून येतात ते शोधत ओढ्याच्या वर चालत जा, एखादा नाला सापडेलच. केंद्र म्हणतं ६० आणि तुम्हाला २७ भेटले, तर काठावरच्या मोटारी मोजा. हे मोजमाप पहाटे, दुपारी आणि रात्री नऊला करा. एका दिवसात जे कळेल ते वर्षाच्या अहवालांत कळणार नाही.

ऑक्सिजनसाठी शाळेत विंक्लरची चाचणी करा, रसायनं सोलापुरात मिळतात आणि बारावीच्या प्रयोगशाळेतल्या ब्युरेटवर भागतं. ३०० मिलिलिटरची घट्ट काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली नेऊन भरायची, बुडबुडा राहता कामा नये. त्यात मँगॅनस सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. इथेच निम्मं उत्तर मिळतं. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. पांढराशुभ्र आला तर शून्य. पुढे आम्ल घालून, स्टार्च टाकून थायोसल्फेटने आकडा काढा, पण पहाटे पाचला बंधाऱ्याच्या काठावर तो पांढरा साका ग्रामसभेतल्या दहा माणसांनी डोळ्यांनी बघितला तर त्याचं वजन कागदापेक्षा जास्त पडतं.

नमुना कुठून घ्यायचा यावरही बरंच अवलंबून आहे. ओढा नदीला मिळाल्यावर दोन्ही पाणी लगेच मिसळत नाही. एका काठाने काळपट, दुसऱ्या काठाने निवळ असं बरंच अंतर चालतं. ज्याला जे सिद्ध करायचंय तो तो काठ धरतो. वाहकता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडा) मोजायचं पेनाएवढं मीटर घ्या आणि संगमापासून खाली दर शंभर मीटरवर दोन्ही काठांना व मध्ये बुडवत जा. तिन्ही ठिकाणी आकडा सारखा आला की मिश्रण पूर्ण झालं, तिथे नमुना घ्या. वरचा नमुना संगमाच्या पुरेसा वर, जिथे बंधाऱ्याचा फुगवटा मागे सरकून ओढ्याचं पाणी उलटं येत नाही अशा जागी. आपल्या काळ्या रानातून निचरून येणारं पाणी मुळातच खारवट असतं, म्हणून वाहकता जास्त दिसली की सांडपाणीच, असं समजू नका. फरक बघायचा, नुसता आकडा नाही.

केंद्राला भेट द्यायची परवानगी मिळाली तर वायुवीजन टाकीचं एक लिटर पाणी काचेच्या उभ्या मापात ओतून अर्धा तास ठेवायला सांगा. तिथला ऑपरेटर रोज करतो ती चाचणी. चॉकलेटी गाळ शांतपणे खाली बसून वर निवळ पाणी राहिलं तर केंद्राची तब्येत बरी आहे. गाळ काळा असेल तर हवा कमी पडतेय. गाळ बसायलाच तयार नसेल, पिंजलेल्या कापसासारखा फुगलेला असेल, तर तो लवकरच ओढ्यात येणार. ऑपरेटरशी नीट बोला, चूक काढायला आल्यासारखं वागू नका. ब्लोअर किती बंद आहेत आणि किती दिवसांपासून, हे तोच सांगेल.

विहिरींचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. बंधाऱ्याच्या काठच्या विहिरीला त्याच पाण्याचा पाझर लागतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि दिवाळीनंतर, तपासून घ्या. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटून वाढतं, हे घरोघरी सांगायला हवं, विशेषतः बाटलीचं दूध पिणारी बाळं असतील तिथे. ऊस, कडवाळ, मका या पाण्यावर घ्यायला माझी हरकत नाही, लोक घेतातच. कोथिंबीर, मेथी, पालक, काकडी नको.

आता तुम्ही सोबत पाठवलेला ग्रामपंचायतीच्या ठरावाचा मसुदा. त्यात ‘सांडपाणी नदीत सोडणं त्वरित बंद करा’ असं वाक्य आहे. ते काढा, असा माझा आग्रह आहे. एप्रिलात ते बंद झालं तर तुमच्या बंधाऱ्यात पाणीच राहणार नाही, आणि पहिली ओरड तुमच्याच गावातून होईल. ही भीती काल्पनिक नाही. २०१६ च्या वीजदर धोरणानुसार सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज प्रकल्पांनी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायचं आहे, आणि आपल्याकडे एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प त्या अंतरात बसतो. धोरण म्हणून ते योग्यच, तेवढं उजनीचं पाणी पिण्याला वाचेल. पण सगळंच पाणी पाइपात गेलं तर सीनेला उन्हाळ्यात काय उरतं, हा प्रश्न करार होण्याआधी विचारायचा असतो. किती पाणी उद्योगाला, किती नदीला आणि नदीला सोडायचं त्याची प्रत काय, असा ठराव करा. त्यात बीओडी १०, अमोनिया, पहाटेचा ऑक्सिजन आणि प्रवाहाचा रकाना या चार गोष्टी मागा. केंद्राच्या तोंडाशी पाणी पायऱ्या-पायऱ्यांवरून खाली सोडलं तर फुकटात हवा मिळते, खर्च फक्त काँक्रीटचा, तेही लिहा.

मच्छीमार सोसायटीला सांगा, बंधाऱ्यातला माल गुढीपाडव्याच्या आधी काढा, एप्रिलात कटला ठेवू नका. पहाटे मासे तोंड वर काढताना दिसले तर काठावरच्या दोन मोटारी चालू करून पाणी उंचावरून परत बंधाऱ्यातच फवारा. तेवढ्या कोपऱ्यात तरी मासे तगतात.

आणि तक्रार करायची तर मंडळाच्या सोलापूर कार्यालयाला नमुना सूर्योदयाच्या आधी घ्यायला यायची लेखी विनंती करा. ते येईपर्यंत दोन लिटरचा नमुना स्वच्छ कॅनमध्ये काठोकाठ भरून बर्फात ठेवा, त्यावर वेळ, जागा आणि त्या वेळच्या ओढ्याचा प्रवाह लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. बीओडीचा नमुना चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, जिवाणूंच्या नमुन्याला निर्जंतुक बाटली वेगळी लागते, आणि ऑक्सिजनची बाटली तर जागेवरच पहिली दोन रसायनं घालून बंद करावी लागते.